वाऱ्याचा अंदाज आणि विजेचा हिशेब

वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते, हे वीज मंडळातला प्रत्येक वायरमन जाणतो. आता मोठ्या बॅटऱ्या आल्या आहेत, धरणातले पाणी पुन्हा वर चढवून ठेवण्याची सोय तर आधीपासूनच आहे. तरीही जगातल्या बहुतेक विजेचा जमाखर्च आजही क्षणाक्षणाला जुळवावा लागतो. शंभरेक वर्षे या हिशेबात अनिश्चित बाजू एकच होती, ती मागणीची. जमेची बाजू हातातली होती: कोळशाचा ढीग डोळ्यांसमोर असे, धरणाची पातळी पट्टीवर वाचता येई. पवनचक्क्या आणि सौर पॅनेल यांचा वाटा वाढत गेला तशी जमेची बाजूही आभाळाच्या हवाली झाली. शेतकरी, दर्यावर्दी आणि वैमानिक यांच्या कामी येणारे शास्त्र अशा रीतीने वीज नियंत्रण कक्षात येऊन बसले. या नव्या सोयरिकीची ओळख मराठी वाचकांना करून द्यावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

ही सोयरीक आता लहान राहिलेली नाही. अमेरिकेत २०२४ साली वारा आणि सूर्य यांपासून मिळालेली वीज वर्षभराच्या हिशेबात पहिल्यांदाच कोळशाच्या विजेपेक्षा जास्त भरली. आयोवा हे मक्याच्या शेतांचे राज्य तर आपली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून काढते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आभाळावर विसंबून राहायचे, तर आभाळाचा अभ्यास हा शोभेचा विषय उरत नाही. तो दिवाबत्तीचा विषय होतो.

मराठी वाचकाला या दूरदेशीच्या गोष्टीचे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर मिळेल. मृग लागला की तिथला वारा अंगावरचे इरले उडवतो आणि पवनचक्क्यांची पाती दिवसरात्र फिरतात. दिवाळीनंतर त्याच पठारावर पाती तासन्‌तास उभी दिसतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पवन आणि सौर वीज उत्पादकांवर आगाऊ अंदाज देण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग धरले जातात. म्हणजे पठारावर उद्या दुपारी अडीच ते पावणेतीन या वेळात वारा किती असेल, हे आज कोणीतरी सांगायचे असते, आणि अंदाज मर्यादेबाहेर चुकला तर पैसे मोजायचे असतात. अमेरिकेने हाच धडा आपल्या काही वर्षे आधी गिरवला. त्यातल्या चुका तिथल्या संस्थांनी कागदावर उतरवून जगासमोर ठेवल्या, म्हणून आपण तिकडे पाहायचे.

पुढे जाण्याआधी दोन शब्दांचा उलगडा करून घेतलेला बरा. शाळेच्या भूगोलाने आपल्याला शिकवले की ‘हवा’ म्हणजे वातावरणाची त्या घडीची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे तिची दीर्घकाळाची सरासरी. व्यवहारात मात्र आपण दोन्हींना हवामानच म्हणतो. वेधशाळाही ‘हवामानाचा अंदाज’च देते. या पुस्तकात व्यवहाराचीच भाषा ठेवली आहे. पण भूगोलाच्या बाईंनी सांगितलेला फरक वाचकांनी मनाच्या एका कोपऱ्यात जागा ठेवावा. उद्या कोणता वीजप्रकल्प किती चालवायचा हा हवेचा प्रश्न आहे. येत्या पंचवीस वर्षांसाठी पवनचक्की कुठे उभारायची हा हवामानाचा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे देणारे शास्त्र एकच असले तरी उत्तरांचा स्वभाव वेगळा असतो.

अमेरिकेतल्या या कथेचा आरंभ मला व्हरमाँट राज्यातल्या एका टेकडीपासून करावासा वाटतो. ग्रँडपाज नॉब हे तिचे नाव, उंची सुमारे ६०० मीटर. पामर पटनम नावाच्या अभियंत्याने ऑक्टोबर १९४१ मध्ये तिथे सव्वा मेगावॅटची पवनचक्की वीजजाळ्याला जोडली. एवढे मोठे यंत्र त्यापूर्वी जगात कोणी वाऱ्यावर चालवले नव्हते. जागा निवडण्यासाठी पटनम यांनी हवामानशास्त्रज्ञांना बोलावले, आणि त्यांच्यासोबत झाडांचा अभ्यास करणाऱ्यांनाही. वाऱ्याच्या नोंदी हाताशी नसतील तर झाडे वाचता येतात, ही कल्पना त्यामागे होती. आपल्या किनाऱ्यावरची सुरूची झाडे जशी वारा जातो त्या दिशेला मान टाकून वाढतात, तशी व्हरमाँटच्या कड्यांवरची सूचिपर्णी झाडेही वाढतात. त्यांच्या फांद्यांच्या कलावरून वर्षभराच्या वाऱ्याचा अदमास घ्यायचा.

प्रत्यक्षात त्या टेकडीवर वारा अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. पुढे १९४३ मध्ये एक बेअरिंग निकामी झाले. युद्धकाळात सुटा भाग मिळेना म्हणून यंत्र दोन वर्षे उभे राहिले, आणि पुन्हा सुरू झाल्यावर २६ मार्च १९४५ च्या पहाटे एक पाते तुटून पडले. सारे मिळून ते सुमारे ११०० तास चालले. या प्रयोगाला अपयश म्हणायला मी तयार नाही. पटनम यांनी १९४८ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि अंदाज कुठे चुकला, वारा टेकडीच्या माथ्यावरून कसा वळतो, झाडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे सगळे मांडले. वाऱ्याचे यंत्र उभारण्याआधी वारा मोजला पाहिजे, आणि ज्या उंचीवर पाती फिरणार त्याच उंचीवर मोजला पाहिजे, हा या विद्येचा पहिला पाठ त्या टेकडीवर गिरवला गेला.

तो पाठ किती महत्त्वाचा आहे हे एका साध्या गुणाकाराने कळते. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. त्याचीच दुसरी बाजू अशी की वेग अंदाजापेक्षा १० टक्क्यांनी कमी भरला, म्हणजे सेकंदाला १० मीटर सांगितला आणि ९ मीटरच मिळाला, तर शक्ती १००० वरून ७२९ वर येते. वेगातली दहाव्या हिश्शाची चूक शक्तीत पाव हिश्शाहून मोठी होते. छत्री घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्याला वाऱ्याच्या ताशी तीन किलोमीटरच्या फरकाशी कर्तव्य नसते. वीज विकणाऱ्याचे त्यावर दिवाळे निघू शकते. रोजच्या बातम्यांतला अंदाज या कामाला का पुरत नाही, याचे कारण वाचकांना या एका आकडेमोडीत सापडेल.

कोलोरॅडोत गोल्डन गावाहून बोल्डरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रॉकी पर्वत जिथे एकाएकी संपतो आणि मैदान सुरू होते तिथे, उजव्या हाताला ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पवनचक्क्या दिसतात. त्यांच्याजवळ मोजमापाचे मनोरे उभे आहेत. त्यांतल्या एकाची उंची ८२ मीटर. तारांनी ताणून बांधलेला जाळीदार खांब, त्याला ठरावीक उंचीवर आडवे हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला वाटीएवढे वेगमापक. मी पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी खालच्या वाट्या रेंगाळत फिरत होत्या आणि वरच्या नजरेला ठरत नव्हत्या. जमिनीजवळची हवा आणि ८० मीटरवरची हवा यांचा संबंध रात्री बहुधा सुटतो: जमीन थंड होते, तिच्या घर्षणाचा लगाम वरच्या हवेला जाणवेनासा होतो, आणि वरचा वारा मोकळा धावू लागतो. अमेरिकेच्या मध्य मैदानात हा रात्रीचा झोत इतका नियमित आहे की तिथल्या पवनचक्क्यांची बरीच कमाई लोक झोपलेले असताना होते. हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लॅकडर यांनी १९५७ मध्ये त्याचे कारण मांडले, तेव्हा त्यांच्या मनात पवनऊर्जा नव्हती. शास्त्रातली जुनी गुंतवणूक अशी कधीतरी वसूल होते.

अंदाज वर्तवणाऱ्या गणिताची कथा मोठी आहे आणि पुस्तकात तिला स्वतंत्र लेख दिला आहे. इथे तिच्यातला आपल्या जवळचा धागा तेवढा सांगतो. १९५० च्या वसंतात मेरिलँडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे एनियाक या संगणकावर जूल चार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिले यशस्वी हवामान अंदाज काढले. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तासच लागले. आभाळ आणि यंत्र बरोबरीने चालत होते. याच चार्नींबरोबर एमआयटीत पुढे काम केले ते पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी. हार्वर्डमधून १९७० साली डॉक्टरेट मिळवून त्या दुसऱ्याच वर्षी भारतात परतल्या, आधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आणि मग बंगळुरूला. मान्सूनच्या ढगांच्या पट्ट्यावरचे त्यांचे काम जगभर वाचले जाते. मला त्यांचे दुसरे काम तितकेच मोलाचे वाटते. कर्नाटकातल्या पावगडच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून त्यांनी पेरणी कधी करावी याचा विचार केला. शेतकऱ्याला नेमका कोणता निर्णय घ्यायचा असतो हे आधी विचारायचे आणि त्या निर्णयाला उपयोगी पडेल ते शास्त्र मग शोधायचे, ही त्यांची रीत. या पुस्तकातला प्रत्येक लेख त्याच रीतीने वाचावा, अशी माझी विनंती आहे. नियंत्रण कक्षात बसलेली व्यक्तीही पेरणीच्याच प्रश्नापुढे असते.

हे एका प्रसंगाने स्पष्ट होईल. टेक्सासचे वीजजाळे एर्कॉट ही संस्था चालवते. २६ फेब्रुवारी २००८ च्या दुपारी तिथे वारा पडू लागला. तीनेक तासांत पवनऊर्जा सुमारे १७०० मेगावॅटवरून ३०० मेगावॅटवर आली. नेमक्या त्याच वेळी संध्याकाळची मागणी अपेक्षेपेक्षा वेगाने चढली, आणि इतर प्रकल्पांकडून येणारी काही वीजही कमी पडली. जाळ्याची वारंवारता घसरू लागली तेव्हा संचालकांनी आणीबाणीची पायरी चढून सुमारे ११०० मेगावॅटचे मोठे ग्राहक काही मिनिटांत बंद केले. मोबदला घेऊन गरजेच्या वेळी वीज सोडायला हे ग्राहक आधीच राजी झालेले होते. घरांतले दिवे गेले नाहीत.

त्या वर्षी राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी या घटनेचा अहवाल लिहिला. त्यातली एक नोंद मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी वाचून दाखवतो. वाऱ्याची ती घसरण अंदाजात दिसत होती. अंदाज देणारी व्यवस्था तयार होती, प्रायोगिक अवस्थेत चालूही होती. फक्त तिचे आकडे नियंत्रण कक्षाच्या रोजच्या कामकाजात अजून दाखल झाले नव्हते. आभाळाचे गणित बरोबर आले आणि ते ज्याच्या टेबलावर हवे होते त्याच्या टेबलावर नव्हते. मी या विषयात जितकी वर्षे आहे तितकी वर्षे हेच पाहत आलो आहे: अंदाजाची किंमत तो किती अचूक आहे यावर ठरते, तशीच तो कोणाच्या हातात किती वाजता पडतो यावरही ठरते. यातली पहिली बाजू पुस्तकांत भरपूर सापडते. दुसरी फारशी सापडत नाही, आणि म्हणून या संग्रहात तिला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

त्यानंतरच्या दशकात चित्र बदलले. बोल्डरचे राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र आणि एक्सेल एनर्जी ही वीज कंपनी यांनी मिळून अंदाजाची जी व्यवस्था उभी केली, तिने पवनचक्क्यांनाच वेधशाळा बनवले. प्रत्येक चक्कीच्या माथ्यावर वाऱ्याचा मापक असतोच. त्याचे वाचन थेट गणितात घेतले गेले. अंदाजावर भरवसा बसला तसे अडीअडचणीला म्हणून धगधगत ठेवलेले काही औष्णिक संच निर्धास्तपणे विझवता येऊ लागले. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याने सप्टेंबर २०१४ पासून तीन किलोमीटरच्या चौकटींचा, दर तासाला नव्याने निघणारा अंदाज रोजच्या वापरात आणला. पाऊस, वादळे आणि विमाने यांच्यासाठी तो होताच, वीज कंपन्यांनीही तो उचलला.

तरी डोंगराळ मुलुखात गणित अडखळे. सह्याद्रीच्या खोऱ्यांत हिवाळ्याच्या पहाटे धुके साचून राहते तशी कोलंबिया नदीच्या खोऱ्यात थंड हवा दिवसेंदिवस साचून राहते. वरून उबदार वारा जातो, पण साचलेली हवा जागची हलत नाही आणि पाती उभी राहतात. मग एखाद्या दिवशी ती थंड हवा ढवळली जाते आणि तासा-दोन तासांत शेकडो पवनचक्क्या एकदम जाग्या होतात. संगणकातले गणित ही साचलेली हवा खऱ्यापेक्षा लवकर उधळून लावी. २०१५ ते २०१७ या काळात ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत दीड वर्ष खोऱ्याच्या काठाने यंत्रे मांडून ही चूक शोधली गेली, आणि सुधारलेले गणित रोजच्या अंदाजात गेले. विजेच्या या अशा अचानक चढउताराला अभियंते ‘रॅम्प’ म्हणतात. सरासरी चूक कमी असूनही रॅम्पची वेळ दोन तासांनी चुकली तर नियंत्रण कक्षाला त्या चांगल्या सरासरीचा काही उपयोग नसतो. अंदाजाची परीक्षा कशी घ्यावी यावरचा लेख वाचताना हे ध्यानात ठेवावे.

सूर्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी तुम्ही कोलोरॅडोत माझ्या घराच्या भिंतीवरचा सौरयंत्रणेचा आकडा पाहायला या. सकाळ निरभ्र असते. बाराच्या सुमारास पर्वतावर कापसाचे पहिले पुंजके दिसतात आणि दोनपर्यंत ते मैदानावर उतरतात. ढगाची कड सूर्याजवळ आली की आकडा आधी थोडा वर जातो, निरभ्र उन्हाहूनही वर, कारण थेट उन्हात ढगाच्या कडेवरून परतलेले ऊन मिसळते. मग मिनिटभरात तो पाचवरून एकच्या खाली कोसळतो. ढग सरकला की पुन्हा वर. एका छपरावर हा खेळ आहे. शहरभरच्या हजारो छपरांवर तो आपोआप समतोल होतो, कारण एकच ढग सगळ्यांवर एकाच क्षणी नसतो. पण शेकडो एकरांवरच्या एकाच सौर प्रकल्पावर मोठा ढग आला तर तो समतोल मिळत नाही. त्या काही मिनिटांसाठी आभाळाकडे तोंड केलेले कॅमेरे लागतात. त्यापुढच्या तासांसाठी उपग्रह लागतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये सोडलेला गोज-१६ हा उपग्रह अमेरिकेच्या मुख्य भूमीचे चित्र दर पाच मिनिटांनी घेऊ लागला, तेव्हा ढग कुठून कुठे निघाला हे जवळजवळ डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

आभाळातल्या अडथळ्यांत एकच असा आहे की ज्याचे वेळापत्रक पंचांगात सापडते. ८ एप्रिल २०२४ च्या दुपारी खग्रास ग्रहणाची छाया टेक्सासवरून सरकली, ती सौर प्रकल्पांच्या ऐन कमाईच्या वेळी. संचालकांना मिनिट न्‌ मिनिट आधीच माहीत होते, पर्यायी वीज उभी होती, आणि ग्रहण निर्विघ्न पार पडले. शेकडो वर्षे आधी सांगता येणारी सावली आणि दहा मिनिटे आधीही नीट न सांगता येणारी सावली, दोन्ही एकाच पॅनेलवर पडतात. या दोन टोकांच्या मध्ये जे काही आहे तोच या विद्येचा प्रांत.

त्या प्रांतात धूरही येतो, असे आधी फारसे कोणाच्या मनात नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचे आभाळ भर दिवसा नारिंगी केले, आणि त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातली सौर वीज जुलैच्या सरासरीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटली. त्याच वर्षअखेरीस सरकारी अंदाजात धुराचे गणित दाखल झाले. गारांचेही तसेच. मार्च २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला फोर्ट बेंड परगण्यात गारपिटीने एका मोठ्या सौर प्रकल्पाच्या काचा फोडल्या. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला गारपिटीपासून पीक उचलून बाजूला ठेवता येत नाही. फिरती पॅनेले मात्र तास-अर्धा तास आधी कळले तर जवळजवळ उभी करून ठेवता येतात आणि गारांचा मारा तिरका होतो. एका विश्वासू इशाऱ्यावर इथे कोट्यवधी डॉलर वाचू शकतात.

आता हवेकडून हवामानाकडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर जे ओढवले ते वाचकांना आठवत असेल. कडाक्याच्या थंडीत ४५ लाखांहून अधिक घरांची आणि व्यवसायांची वीज गेली आणि राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसे मेली. थंडी येणार हे हवामान खात्याने कितीतरी दिवस आधी सांगितले होते. पण वायूच्या विहिरी, वायूचे नळ, वायूवरचे वीजप्रकल्प, कोळशाचे ढीग आणि काही पवनचक्क्याही गोठल्या. सर्वांत मोठी तूट नैसर्गिक वायूच्या बाजूची होती. त्या हिवाळ्याचे नियोजन करताना अत्यंत वाईट परिस्थितीत मागणी सुमारे ६७,००० मेगावॅट होईल असे धरले होते. वीज तोडली नसती तर ती ७७,००० च्या आसपास गेली असती, असे नंतर निघाले. २०११ च्या थंडीनंतरच यंत्रांना गोठण्यापासून जपा असे केंद्रीय अहवालाने सांगितले होते. दहा वर्षे आधी दिलेला इशारा आणि आठवडाभर आधी दिलेला अंदाज, दोन्ही होते. ज्यांना त्यावर पैसे खर्च करायचे होते त्यांच्यापर्यंत ते पोहोचूनही पोहोचले नाहीत. या प्रसंगाबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही, आणि लिहूही नये असे मला वाटते.

हवामान नेहमी असे गर्जत येत नाही. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेच्या पश्चिम भागात वारा नुसताच मंद राहिला. पश्चिमेवर जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसली होती, आणि कमाई घटलेल्या पवनचक्की मालकांना पावसाप्रमाणे वाऱ्याचाही दुष्काळ पडतो हे कळले. पर्जन्यमानाच्या शंभर वर्षांच्या नोंदी आपल्याकडे आहेत; ८० मीटरवरच्या वाऱ्याच्या तशा नोंदी जगात फार कमी ठिकाणी आहेत. भारतात या कामाचा पाया घातला तो भारतीय हवामान खात्यात आयुष्य वेचलेल्या अ‍ॅना मणी यांनी. सौर किरणांची आणि वाऱ्याची देशभरची मोजमापे त्यांनी १९८० च्या दशकात ग्रंथरूपाने हाती दिली, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईक अजून जन्मायचे होते.

मोठ्या भूगोलाचा विचार मांडणारा एक शोधनिबंध वाचकांनी जरूर ओळखीचा करून घ्यावा. २०१६ मध्ये अलेक्झांडर मॅक्डॉनल्ड आणि ख्रिस्तोफर क्लॅक या बोल्डरच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की हवेचे पट्टे राज्यांपेक्षा मोठे असतात, तेव्हा वीजजाळेही तेवढेच मोठे हवे. एका ठिकाणी वारा पडतो त्याच वेळी दीड हजार किलोमीटरवर तो वाहत असतो. देशभर उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या वीजवाहिन्या टाकल्या तर १९९० च्या तुलनेत वीजक्षेत्राचे कार्बन उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत खाली आणता येईल, असे त्यांचे गणित सांगते. त्या वाहिन्यांचे जाळे अमेरिकेत उभे राहिलेले नाही. राज्याराज्यांच्या परवानग्यांत ते अडकते. भारताने एकसंध राष्ट्रीय जाळे बांधले आहे, ही आपल्या जमेची बाजू. मान्सून आपल्याला आणखी एक सवलत देतो: आषाढात ढगांनी सूर्य झाकला की त्याच ढगांना ओढून आणणारा वारा साताऱ्याची पाती फिरवतो.

हे पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. विजेचे अभियंते असाल तर हवामानाच्या लेखांपासून सुरुवात करा, आणि हवामानाचे अभ्यासक असाल तर विजेच्या बाजारावरच्या लेखांपासून. आपला विषय आपल्याला येतो म्हणून माणूस तिथे घाईने वाचतो, आणि अडचण नेहमी दुसऱ्याच्या विषयात असते. दोन्हींपैकी काही नसाल तर अधिकच चांगले. प्रत्येक लेखकाने अशा वाचकाला समोर बसवूनच लिहिले आहे. गणित आले तिथे ते ओलांडून पुढे गेलात तरी धागा तुटणार नाही.

एका जागी मात्र, संभाव्यतेवरच्या लेखात, थांबून वाचावे लागेल. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकावरच्या हवामानाच्या गणिताला आरंभी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि काही काळानंतर आभाळ पार वेगळे निघाले. त्या अनुभवातून आजची रीत आली: एकच अंदाज काढण्याऐवजी आरंभात किंचित फरक करून पन्नासेक अंदाज काढायचे आणि त्यांची पांगापांग पाहायची. समजा त्या पन्नासांपैकी पंचेचाळीस सांगतात की उद्या संध्याकाळी वारा टिकेल, आणि पाच सांगतात की पडेल. बातम्यांसाठी वारा टिकणार. पण नियंत्रण कक्षातल्या माणसाला वारा पडला तर काय गमवावे लागेल आणि राखीव संच तापता ठेवायला काय खर्च येईल, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे लागते, आणि कित्येकदा तो त्या पाचांचेच ऐकतो. संभाव्यतेवरचा लेख पहिल्या वाचनात जड वाटला तर पुन्हा वाचावा. माझ्या मते संपूर्ण संग्रहात तोच सर्वांत उपयोगी आहे.

शेवटी आनंदाची एक बातमी. अमेरिकन सरकारी संस्थांची हवामानाची मोजमापे आणि अंदाज सर्वांना मोफत खुले आहेत. राष्ट्रीय प्रयोगशाळेने उपग्रहांवरून तयार केलेल्या सौर किरणांच्या नोंदीत भारतही येतो. नाशिकच्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला आपल्या गावावर कोणत्या वर्षी किती ऊन पडले ते घरबसल्या उतरवून घेता येते. तिने घराच्या गच्चीवरच्या मीटरचा आकडा महिनाभर रोज दुपारी लिहून त्या नोंदींशेजारी ठेवला, तर या शास्त्राचा निम्मा रस्ता ती चाललेली असेल.

या संग्रहात शक्य तिथे मराठी शब्द वापरले आहेत, जिथे लोकांच्या तोंडी इंग्रजी शब्द बसला आहे तिथे तोच ठेवला आहे. ‘रॅम्प’ला मात्र मनासारखा शब्द आम्हाला अजून सापडलेला नाही. वाऱ्याच्या अशा एकदम पडण्याला आणि एकदम उठण्याला कोकणातल्या होडीवाल्यांकडे किंवा घाटमाथ्यावरच्या गुराख्यांकडे शब्द असणारच. वाचकांपैकी कोणाला तो माहीत असेल तर त्यांनी आवर्जून कळवावा; पुढच्या आवृत्तीत तो घालता येईल.